उपवास आणि औषध

एकादशीस मधुमेहाची गोळी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न अनेक वृद्ध यात्रेकरूंना पडतो. खाल्ल्यास व्रत मोडेल, ही भीती. वास्तविक ‘उपवास’ या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणे; उपाशी राहणे नव्हे. फराळाचा साबुदाणा तरी कोठला? तो कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतील! त्याला व्रतात स्थान दिले, मग डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळीला व चार घासांना का नसावे? (मधुमेहींनी साबुदाणाही बेतानेच घ्यावा, तो साखर वाढवितो.) गोळी घेऊन उपाशीच दर्शनरांगेत उभे राहिल्यास रक्तातील साखर उतरून घेरी येऊ शकते. मग सोबतच्या मुलासुनांनाही रांग सोडून धावावे लागते. व्रत एकाचे, दर्शन मात्र साऱ्या घराचे राहते.