चौरस चौकट आणि आडवी चौकट

प्रकाशचित्रासाठीं चौकट चौरस घ्यावी कीं लांबट, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ सोयीचा वाटतो. मध्यम आकाराच्या फिल्मवर, म्हणजे १९०१ सालीं कोडॅक कंपनीनें प्रचारांत आणलेल्या आणि अद्यापहि मिळणाऱ्या १२० क्रमांकाच्या गुंडाळीवर, तो विशेष ठळकपणें उभा राहतो. या फिल्मची रुंदी ठरलेली असते. प्रत्येक चित्रास लांबी किती द्यावयाची हें मात्र कॅमेऱ्यागणिक निराळें. सहा सेंटिमीटर दिली तर चित्र चौरस होतें आणि एका गुंडाळींत १२ चित्रें निघतात. सात दिली तर १०, नऊ दिली तर ८. हिशेबी मनुष्य १२ चा आंकडा ऐकून समाधान पावेल.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मात्र एवढा हिशेब पुरत नाहीं. पेण शहरांत आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गांवीं मूर्ति घडविण्याचें काम बहुतेक वर्षभर चालतें. फळ्यांवर पांढऱ्या, अद्याप रंग न लागलेल्या मूर्तींच्या रांगा. एका बाजूस साचे, दुसरीकडे रंगांचे डबे. आणि उजेडाची जागा धरून बारीक कुंचल्यानें डोळ्यांची आखणी करणारा कारागीर. आतां मांडी घालून बसलेला गणपति हा चौरसांत बसण्यासाठींच जणूं घडलेला आहे. खालीं रुंद बैठक, वर मुकुट, दोहों बाजूंस हात आणि मध्यें सोंड. चौरसाला उभी वा आडवी ओढ नसल्यामुळें दृष्टि मध्यावर येते आणि तेथेंच विसावते. असें चित्र पाहून भाविकाचा हात आपोआप जोडला जाईल.

पण या चित्रांत कारागीर कोठें आहे? त्याचें मनगट कडेला तुटलेलें, किंवा तो सर्वस्वी बाहेर. त्याला आंत घेण्यासाठीं चार पावलें मागें सरावें, तर त्याच्याबरोबर छप्पर आणि जमीनहि तितकींच आंत शिरतात, व माणूस लहान होतो. आडव्या चौकटींत देव एका अंगास, माणूस दुसऱ्या अंगास, आणि दोहोंमध्यें कुंचला राहतो. मात्र अशा चित्रांत मागची रांगहि दिसते, आणि त्या रांगेंत देव हा विक्रीचा माल होतो. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. एका चित्रांत त्या सारख्याच मानानें मावत नाहींत, आणि म्हणून कोणाचा मान राखावयाचा हें ठरवावें लागतें.

यावर जाणते लोक एक तोड सांगतात: चौरस घ्यावा आणि मागाहून हवा तसा कापावा. या सल्ल्यास इतिहास आहे. १९२९ सालीं ब्राउन्श्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके यांनीं रोलायफ्लेक्स कॅमेरा काढला. तो पोटाशीं धरून, मान लववून, वरच्या कांचेंत पाहावयाचा असतो. तेथें डावें उजवें उलट दिसतें. असा कॅमेरा आडवा फिरविणें म्हणजे कसरतच. चौरसामुळें ती कसरत टळली आणि उभें कीं आडवें हा निर्णय अंधाऱ्या खोलीवर सोंपविला गेला. होमाय व्यारावाला यांच्यासारख्या वृत्तचित्रकारानें हा कॅमेरा वापरावा यांत नवल नाहीं; घटना निघून जाते, आणि वृत्तपत्राचा रकाना उभा कीं आडवा हें आधीं कोणास ठाऊक? (१९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्यांच्या छातीवर बसविलेला हॅसलब्लाडहि चौरसच चित्रें घेत होता. त्यांना तर डोळा लावून पाहण्याचीहि सोय नव्हती.)

परंतु कारखान्यांत ही निकड नसते. कारागीर तेथें तासन् तास बसलेला असतो. त्याला विचारतां येतें, थांबतां येतें, बाजूस सरून पाहतां येतें. निर्णय पुढें ढकलल्यानें आपण तटस्थ राहिलों, ही समजूत आम्हांस पटत नाहीं. आठ बाय दहा इंचांचा कागद पूर्ण भरावयाचा म्हटलें तरी चौरसाचा पांचवा हिस्सा टाकावाच लागतो. त्या पांचव्या हिश्शांत एखाद्याचा हात गेला, तर तो कापतांना समोर कोणी नसतें. फिल्म खर्चण्याच्या वेळीं मात्र तो मनुष्य समोर असतो, आणि आपण त्याला वगळीत आहों हें त्याच्या देखत करावें लागतें. ही लाज उपयोगी आहे. ज्यानें काळजीपूर्वक चौरसच योजिला आणि चारी कडांसह छापला, त्याच्याशीं आमचा तंटा नाहीं. त्यानेंहि त्याच वेळीं निवड केली आहे.

आमचा कल विचाराल तर या एका कामापुरता आडव्या चौकटीकडे आहे, गुंडाळींत आठच चित्रें निघालीं तरी. चतुर्थीपूर्वीं मूर्ति कारखान्यांतून निघून जातात. मग घरोघरीं, मखरांत, समोरून घेतलेलीं त्यांचीं चित्रें हवीं तेवढीं निघतात, आणि तेथें चौरस शोभूनहि दिसतो. आखणी करणारा मात्र तोंवर पेणलाच मागें राहिलेला असतो.