बोल्ट किती आवळायचा?

 

आमचा मुलगा बेळगावात उद्यमबागेत डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. परवा डबा द्यायला गेलो, तर निपाणीकडच्या एका तंबाखूवाल्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन खोललेलं. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटला आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. आम्ही विचारलं, "सैल राहिला होता का रे?" "नाही आई, जास्त आवळला होता."

जास्त आवळला तर बळकटच होईल की! मग त्यानं समजावलं. आवळताना बोल्ट केसाएवढा ताणतो आणि स्प्रिंगसारखा आखडू बघतो. त्या ताणानंच रॉड आणि त्याची कॅप एकमेकांना धरून राहतात. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेतं तेव्हा पिस्टन 4000 वेळा दिशा बदलतो. ताण कमी पडला तर दर हिसक्याला कॅप उघडू बघते, बोल्ट थकून तुटतो. फार आवळला तर तो कायमचा लांबतो, मग धरच राहत नाही.

आणि हातानं लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच ताणात जातो बरं का! बाकीचा आट्यांत आणि डोक्याखाली घासण्यात. म्हणून आटे स्वच्छ पुसायचे, कंपनीनं सांगितलं तसंच तेल, टॉर्क पाना घेऊन दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, टप्प्याटप्प्यानं ठरल्या आकड्यापर्यंत. कॅप ज्या रॉडची त्यालाच, खुणेला खूण लावून. शेजारच्या रॉडची चालत नाही.

ऐकता ऐकता आमचा हात थांबला. सूनबाई आली त्याच महिन्यात आम्ही तिला रोज अकरा माळा, गुरुवारचा उपवास, पहाटेची काकडआरती, सगळं एकदम लावलं होतं. आमचा जोर लागत होता, तेव्हा वाटायचं श्रद्धा वाढतेय. तो जात होता घासण्यात. स्वयंपाकघरात अबोला. दिवाळीला संकेश्वरला माहेरी गेली, ती महिना झाला तरी आली नाही. महाराजांनी पहिल्या दिवशी आम्हाला एकच माळ दिली होती. अकरावर यायला नऊ वर्षं लागली, हे आम्हीच विसरलो!

त्या रात्री फोन केला. तुझा माहेरचा नेम काय गं, असं पहिल्यांदाच विचारलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, झोपताना शंकरलिंगाचं नाव घेते. म्हटलं, तेवढंच घे.

रविवारी मुलगा आणायला जातोय. गुरुवारी पारायणाला दोघं येतील बहुतेक. माळा किती झाल्या, हे कृपा करून तिला कुणी विचारू नका.