अट्रॉसिटी कोनी केली?

आलापल्लीत डेपोजवळच्या चहाटपरीवर जरा कान देऊन बसा. "त्यानं अट्रॉसिटी केली ना बाप्पा!" केली कोणी? ज्यानं जातीवरून शिवी खाल्ली, त्यानं.

शब्दाचा अर्थ अत्याचार. महार-मादगी, माडिया-गोंड अशा साऱ्यांसाठी १९८९ साली कायदा झाला, त्याच्या नावातच 'अत्याचार प्रतिबंध' आहे. पण गावाच्या तोंडात शब्द उलटा झाला. मारणारा बाजूला राहिला अन् ठाण्याची पायरी चढणारा अट्रॉसिटीवाला ठरला.

असा कोश कुठं छापलेला नाही, तरी सगळ्यांना तोंडपाठ. मोठ्या घरचा चिडला तर राग, आपला चिडला तर माज. "मिटवून टाक" हे मार खाणाऱ्यालाच सांगायचं. तो गप बसला की त्याचं नाव समजूतदारपणा, अन् मिटलं त्याचं नाव न्याय.

म्हणतात, खोट्या केसेस होतात. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानंही गैरवापराचं कारण देऊन अटकेला पूर्वमंजुरीची अट घातली. त्याच वर्षी संसदेनं कलम १८-अ आणून ती हटवली. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं आपले ते निर्देश मागे घेतले. चोरीचीही खोटी फिर्याद होते. म्हणून फिर्याद देणाऱ्याला "यानं चोरी केली" असं कोणी म्हणतं काय?

राग आवरायला आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. आता निदान क्रियापद तरी ज्याचं त्याला द्या. अट्रॉसिटी त्यानं केली. आपण केली ती तक्रार.