काठीच्या कड्या

वाईट काम करायचंच असं एकदा ठरल्यावर ते नीट करावं की वाईट करावं, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी कुठेतरी सोडवलेला असेलच. त्यांच्या हातून सुटलेले प्रश्न फार थोडे, आणि तेही आमच्या साडूंनी रविवारच्या जेवणानंतर निकालात काढले आहेत. मला मात्र हा प्रश्न पडला तो गळाच्या काठीला कड्या निवडताना.

काठी प्रवासाची आहे. उभी केली की सात फूट आणि चार तुकडे सुटे करून नळकांड्यात घातले की दोन फुटांच्या आत. महाबळेश्वरच्या एस.टी.त फळीवर ठेवली तर शेजारचे गृहस्थ 'छत्री का?' म्हणून विचारतात, आणि परत येताना तेच गृहस्थ 'वेताची काठी कुठल्या दुकानातून घेतलीत?' असं विचारतात. दोन्ही वेळा 'हो, हो' म्हणावं. गळ म्हटलं की लोक एकतर मासा किती मोठा होता ते विचारतात, नाहीतर पाप-पुण्यावर येतात.

ज्यांनी कधी गळ टाकलेला नाही (म्हणजे वाचकांपैकी बहुतेक सगळे सभ्य लोक), त्यांना कडी ही काय भानगड आहे ते सांगायला हवं. खेड्यातला पोरगा बांबूच्या शेंड्याला तंगूस बांधतो आणि ओढ्यावर बसतो. त्याला कडी लागत नाही. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन, ज्याने 1653 साली मासे धरण्यावर ग्रंथ लिहून या रिकामटेकड्या धंद्याला साहित्यात पाट मांडून दिला, त्याच्या काळात दोरा घोड्याच्या केसांचा असे आणि तोही बहुतेक जण शेंड्यालाच बांधत. पुढे काठीच्या मुठीशी रीळ आलं, दोरा रिळापासून शेंड्यापर्यंत न्यायची वेळ आली आणि वाटेत त्याला धरून ठेवायला कड्या आल्या. धरायचं, पण अडवायचं नाही, एवढंच कडीचं काम. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पन्नास वर्षांत जमत नाही, कडीला पहिल्या दिवसापासून जमावं लागतं.

माझ्या जुन्या कड्या साध्या तारेच्या. तंगूस घासून घासून त्यांना खाचा पडलेल्या, विहिरीच्या काठावर दोरानं पडतात तशा. तेव्हा नव्या घ्यायला गेलो. कडी घेणं म्हणजे बाजारातून बटणं आणणं असा माझा समज होता. दुकानदाराने काचेवर इतके प्रकार मांडले, की मुलीसाठी स्थळं पाहतो आहोत असं वाटावं. एकपायी कडी हलकी, काठीला मोकळेपणी वाकू देते, पण फळीवर एखादी ट्रंक आदळली की मान टाकते. दोनपायी दणकट, पण ती बसते तिथे काठी जराशी ताठते. रिळावरून दोरा वेटोळी घेत सुटतो, म्हणून पहिली कडी मोठ्या तोंडाची हवी आणि पुढच्या उतरत्या, लग्नात मांडलेल्या उतरंडीसारख्या. जितके फूट तितक्या कड्या, वर शेंड्याची एक, असा ढोबळ हिशेब.

खरी ग्यानबाची मेख उंचीत आहे. उंच पायांची कडी दोऱ्याला काठीपासून दूर ठेवते, त्यामुळे गळ लांब जातो; पण काठी नळकांड्यात शिरत नाही. बुटकी कडी शहाण्या मुलासारखी नळकांड्यात जाते. पण ओला दोरा काठीला चिकटतो आणि गळ पडतो पंधरा हातांवर. वेण्णा तलावात पंधरा हातांवर मासे नसतात, होडीतली नवविवाहित जोडपी असतात. हा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी 1842 साली गावाच्या पाण्यासाठी बांधवला. त्यांना त्याचं पुढे काय होणार याची कल्पना असती, तर त्यांनी होड्यांसाठी एक आणि गळवाल्यांसाठी एक असे दोन बांधले असते. प्रवासाच्या वस्तूंचं सगळं असंच असतं. घडीची खुर्ची बसायला नसते, घडी घालायला असते.

इथवर सगळा प्रश्न माझ्या सोयीचा होता. गोष्ट नाजूक झाली ती आतल्या अस्तरापाशी. काही कड्या नुसत्या पोलादी तारेच्या, काहींच्या आत सिरॅमिकची गुळगुळीत चकती. चकतीवाली महाग. तारेची कडी हळूहळू झिजते आणि दोरा कुरतडते. चकती झिजत नाही म्हटलं तरी चालेल, मात्र आपटली की तिला केसाएवढी चीर जाते, आणि ती चीर पात्यासारखी दोरा कापते. दोरा तुटला की आपलं जातं काय? एक गळ आणि चार हात तंगूस. मासा मात्र तोंडात गळ आणि मागे तंगुसाची शेपटी घेऊन जातो, आणि ती शेपटी कुठल्या तरी मुळात अडकते. ती सुटलीच, तर पाणकावळ्याच्या नाहीतर बगळ्याच्या पायात गुरफटते.

"साहेब, मासा दोन्ही कड्यांतून सारखाच येतो," दुकानदार म्हणाला. खरं आहे, येतो सारखाच. पण न आलेला सारखा जात नाही. दुकानात विकणारा होता, घेणारा होता. तिसरं गिऱ्हाईक, ज्याच्या तोंडाशी या मालाची गाठ पडायची होती, ते पाण्यात होतं आणि त्याला भाव विचारायची सोय नव्हती.

हे मी साडूंना सांगितलं. ते रविवारी पापलेट खातात आणि सोमवारी अहिंसेवर बोलतात. "माशाची एवढी काळजी आहे, तर जाऊ नका ना!" ते म्हणाले. "हे म्हणजे दरोडेखोराने बेल वाजवून, चपला बाहेर काढून घरात शिरण्यासारखं झालं."

आता या बोलण्यात दम नाही असं नाही. महाग कडी घेतल्यावर हात जरा हलका वाटतो, आणि हलका हात पुन्हा पुन्हा गळाकडे वळतो, हे मलाही दिसतं. महाभारतातला धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकायचा. तपस्वी कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला गेला, तेव्हा त्याने आधी आपला हिशेब मांडला: मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो, आणि मी मांस खातही नाही. माझ्याकडे तेवढंही नाही. मी स्वतः धरतो आणि मोठा असला तर खातो. पण कौशिकाचंही एक गंमतीचं आहे. एवढं वेदाध्ययन केलेला माणूस, आणि अंगावर शिटली म्हणून त्याने एका बगळीला नुसत्या रागीट नजरेनं मारलं होतं. साडूंना मी हे ऐकवलं, तर ते म्हणाले, "आम्ही नजरेनं काही मारलेलं नाही." हेही खरं. त्यांची पापलेटं ज्या जाळ्यात आली त्या जाळ्याचा दोरा कसा होता, हे त्यांना कोणी विचारलेलं नाही, इतकंच.

आंबेनळी घाट उतरून महाडकडे गेलं, की काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे देवीचे. चांगले दणदणीत महसीर काठाशी येतात, लोक त्यांना खाऊ टाकतात आणि कोणी हात लावत नाही. तिथे प्रश्नच मिटलेला. साडूंचं म्हणणं जिथे खरोखर पाळलं जातं अशी ती जागा आहे, आणि तिच्यापुढे मी हात जोडतो. पण देवीचं नाव लागलेलं पाणी थोडं आणि बाकीचं फार. त्या बाकीच्या पाण्यात 'सगळं नाहीतर काहीच नाही' म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती बहुधा 'काहीच नाही'वर खूष असतात आणि पापलेट चालू राहतं. तोंडात तंगूस घेऊन फिरणाऱ्या माशाला आमचा वाद कळत नाही. त्याच्या दृष्टीने या कडीत आणि त्या कडीत जो फरक आहे, तो त्याच्या जगण्याच्या दिवसांत मोजायचा. माझं पाप तेवढंच राहिलं तरी त्याचे दिवस वाढतात. पुण्य माझ्या खात्यावर जमा झालं नाही म्हणून त्याने ते का सोडावेत?

घेतल्या त्या दोनपायी, मध्यम उंचीच्या, चकतीवाल्या. दोन अंगुळं जास्तीच्या उंचीमुळे नळकांडं मोठं घ्यावं लागलं आणि ते आता एस.टी.च्या फळीवरून पुढे डोकावतं. शेंड्याची एक जादा घेतली. ती डिंकासारख्या लाखेवर बसते, जरा शेकली की निघते.

चकतीची चीर डोळ्यांना दिसत नाही. दर खेपेला निघण्याआधी कापूस पिळून कडीतून फिरवायचा. तंतू अडकला की कडी बाद. घरात पिळलेला कापूस एकाच डब्यात असतो. आदल्या संध्याकाळी मी देवघरापाशी बसून आठही कड्यांतून एक एक वात ओढत होतो. सौ. बराच वेळ दारात उभी राहून बघत होती.

"झालं की ती वात परत डब्यात ठेवू नका," एवढंच म्हणाली.