तलावाचा वाटा आणि धरणाचा कोटा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे काही कोरडवाहू म्हणून ओळखले जाणारे जिल्हे नाहीत. चंद्रपुरात वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोलीत त्याहून अधिक. वर्धा आणि वैनगंगा याच प्रदेशात एकत्र येऊन प्राणहिता होते. पण हा पाऊस चार महिन्यांत कोसळून संपतो आणि पूर्वेकडच्या कठीण खडकात त्यातला फार थोडा मुरतो. त्यामुळे किती पाणी पडले यापेक्षा मे महिन्यात किती उरले आणि तेवढ्यावर किती जणांचा दावा आहे, हा इथला खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत गेल्या काही शतकांत अनेकदा बदलली.

सर्वात जुने उत्तर तलावाचे. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची प्रथा चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळात होती. परंपरा तिचे श्रेय हीरशहा राजाला देते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सुमारे ७,००० तलाव मोजले जातात. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. रचना साधी: उताराला आडवी मातीची पाळ, जादा पाण्यासाठी सांडवा, पाणी सोडण्यासाठी तुडूम. वरच्या तलावाचे वाहून आलेले पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. रोवणी झाल्यावर पाऊस दडी मारतो किंवा धान निसवण्याच्या वेळी शेवटचा पाऊस येतच नाही, तेव्हा तुडूम उघडायचे. मुळात हे उन्हाळी पिकाचे पाणी नव्हतेच. पावसाच्या पिकाला सांभाळून नेण्याची ती तजवीज होती.

यात एक विचार दडलेला होता, जो कुणी सिद्धांत म्हणून मांडला नाही. पाण्यावरचा हक्क ठरावीक मापाचा नव्हता. तो तलावाखालच्या बांध्यांना चिकटलेला होता. तलाव अर्धा भरला तर त्याची पोहोचही आखडायची. कमतरता आधीच हिशेबात धरलेली होती. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना सावध राहिलेले बरे. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या मालकाचा, होता, पाळीवरची माती रयतेने वाहिली होती, आणि ज्याला जमीन नाही त्याला ओलिताचा वाटाही नव्हता. पाणी टिकले याचा अर्थ न्याय झाला असा होत नाही.

मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. निस्ताराच्या, म्हणजे परंपरागत वापराच्या, हक्काने मिळणाऱ्या पाण्याला पट्टी कशाची, असे गावकऱ्यांचे म्हणणे. पट्टी नाही तर देखभालीला पैसा कुठून, असे सरकारचे. दोन्ही बाजूंना थोडाथोडा आधार होता, आणि त्या वादात पाळीची डागडुजी मागे पडली. गाळ चढला, काठाने बेशरमीची झुडपे माजली.

दरम्यान पाण्याचा विचार घनमीटरमध्ये होऊ लागला. १९८० च्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र इरई धरणाच्या भरवशावर उभे राहिले. शहरालाही त्याच धरणाचे पाणी. १९८८ मध्ये गोसीखुर्दची पायाभरणी झाली आणि अडीच लाख हेक्टर ओलिताचे स्वप्न वैनगंगेवर मांडले गेले. इंग्रजांच्या काळातला असोलामेंढा तलावही त्याच्या उजव्या कालव्याला जोडण्यात आला. याच दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. ते विस्थापनाविरुद्ध आणि जंगलासाठी होते. पाणी कोणाला किती, हा मुद्दा तेव्हा ऐरणीवर आलाच नाही.

धरणातला कोटा आकड्यात बांधलेला असतो आणि पाऊस त्या आकड्याला बांधील नसतो. २०१० च्या उन्हाळ्यात इरईचा साठा इतका खालावला की वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. तेव्हा केंद्राची क्षमता २,३४० मेगावॅट होती, पुढे ती २,९२० झाली. २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांना प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटरची मर्यादा घातली. ती काटेकोर पाळली तरी पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या २,९२० मेगावॅटच्या केंद्राला दिवसाला सुमारे २.४५ लाख घनमीटर पाणी लागू शकते. वीज केंद्रांनी ५० किलोमीटरच्या आतले प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे, अशी अट २०१६ च्या वीजदर धोरणात आली. नागपूरच्या सांडपाण्यावर कोराडीत हा प्रयोग त्याआधीच सुरू झाला होता.

कोणाला आधी द्यायचे, यावरही राज्याचे मत पालटले. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाण्याचा हक्क नोंदवायचा आणि टंचाईत तो प्रमाणशीर कमी करायचा, ही त्यामागची कल्पना. म्हणजे तलावाखालचा जुना व्यवहारच कायद्याच्या भाषेत परतला. पण २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा निर्णय मंत्रिमंडळाच्या हाती गेला आणि आधी दिलेली औद्योगिक आरक्षणेही कायम झाली. नियामक नेमायचा आणि सर्वात अवघड निर्णय त्याच्याकडून काढून घ्यायचा, याला नियमन म्हणणे कठीण आहे.

जमिनीखालच्या पाण्याचा विचार त्याहून उशिरा झाला. १९९३ च्या कायद्याची नजर सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या परिघापलीकडे फारशी गेली नाही. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये अमलात आला; त्याने पाणलोट हा घटक धरला आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आणली. अधिकृत मोजणीत वार्षिक भरण्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा सुरक्षित मानतात, आणि गडचिरोली त्या पट्टीवर निर्धास्त दिसते. तालुक्याची सरासरी मात्र एखाद्या वाडी-टोल्यावरची आटलेली विहीर दाखवत नाही. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात आणखी एक गुंता आहे: खाण भूजलपातळीच्या खाली गेली की भोवतालचे पाणी खाणीकडे ओढले जाते आणि कोळसा काढण्यासाठी ते उपसून टाकावे लागते. या उपशामागे कोणाची तहान नसते, म्हणून मागणीच्या यादीत तो सहज नजरेआड होतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पाण्याच्या विचाराला वेगळे वळण दिले. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, नंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना. जंगल राखले तर तलावात गाळ कमी येतो, आणि ते जंगल हाती आल्याने तलावाचा पाणलोटही आता बऱ्याच ठिकाणी ग्रामसभेच्या हाती आहे. पाणवठ्यातल्या मासळीचा हक्कही हा कायदा मान्य करतो. ओलिताच्या पाण्याचे वाटप मात्र त्याच्या कक्षेत स्पष्टपणे येत नाही. म्हणून एकाच तलावाचे जंगल ग्रामसभेचे, पाळ आणि तुडूम जिल्हा परिषदेचे, मासळीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेचा आणि पाणी खालच्या धानकऱ्यांचे, अशी स्थिती संभवते. मासळीला उन्हाळ्यापर्यंत पाणी राखून हवे असते, धानाला ते आश्विनातच सोडून हवे असते. आणि तुडूम कधी उघडायचे हे या चौघांनी एकत्र बसून ठरवावे, अशी तरतूद यांपैकी एकाही कायद्याने केलेली नाही.