जुना संगणक आणि शौलाचे चिलखत



मागच्या महिन्यात सकाळच्या मिस्सानंतर आपल्यातलेच एक वयस्क गृहस्थ ऑफिसात आले. म्हणाले, “फादर, घरी एक कॉम्प्युटर आहे. मुलगा म्हणतो काढून टाका. काय करू?” मी घाईत होतो, दहा वाजता अंत्यविधी होता. म्हटले, “मुलगा सांगतो तसे करा की.” ते उठले नाहीत. थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “पण फादर, तो चालू आहे हो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बिघडलेल्या वस्तूचा निकाल सोपा असतो. तुटलेली बादली, जळालेला पंखा यांच्याविषयी मन दोन बोलत नाही. चालू असलेल्या वस्तूचे काय करायचे? आणि हा प्रश्न एका घरचा राहिलेला नाही. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबली. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. त्यापुढची विंडोज ११ चालवायला एक ठरावीक सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीच्या पुष्कळ मशीन तेथे पास होत नाहीत. स्क्रीन उजळते, टायपिंग होते, प्रिंट निघते, आणि तरी घरात सगळे म्हणू लागतात, आता हा गेला.

तो गेलेला नाही. त्याच्या दाराची कडी-कोयंडा दुरुस्त करणारा माणूस यायचा बंद झाला आहे, एवढेच. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे खरे. पण लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली त्यात घातली, जुन्या हार्ड डिस्कऐवजी नवी एसएसडी बसवली, तर दहा वर्षांचे मशीनही आणखी काही वर्षे अभ्यासाला, अर्ज भरायला, हिशेब ठेवायला चांगले चालते. आपल्या युवक मंडळातल्या मुलांनी हे माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवले.

आता आधी माझे सांगतो, म्हणजे तुम्हाला उपदेश करायला मी मोकळा. आपल्या धर्मगुरू-निवासाच्या वरच्या खोलीत चार सीपीयू, तीन मॉनिटर आणि एका पिशवीत वायरींचा गुंता आहे. आधीच्या फादरांच्या काळापासूनचा काही, माझ्या काळातला काही. त्या खोलीचे दार उघडले की मी म्हणतो, “लागेल कधीतरी.” आणि दार लावतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक विचारवंताचे १९३५ सालचे पुस्तक आम्हाला होते. माणूस ‘असतो’ आणि माणसाजवळ काहीतरी ‘असते’, या दोहोंतला फरक त्यात त्याने उलगडला आहे. आपण जे बाळगतो तेच हळूहळू आपल्याला बाळगू लागते, असा त्याचा रोख. परीक्षेत मी त्यावर चार पाने लिहिली होती. वरच्या खोलीची किल्ली मात्र अजून माझ्याच खिशात आहे.

चौथ्या शतकातले संत बेसिल तर याहून कडक. तुझ्या कपाटात न वापरता पडलेला कपडा हा उघड्या माणसाचा आहे, अशा अर्थाचे त्यांनी श्रीमंतांना बजावले होते. कपडा निदान टिकतो. कोठारातले भात दुसऱ्या वर्षीही शिजते. संगणकाचे तसे नाही. आज कोणाच्या तरी कामाचा असलेला संगणक पोटमाळ्यावर पाच वर्षे ठेवला की कोणाच्याच कामाचा राहत नाही. मग आपण उदार होतो आणि तो दान करतो. शिळे झाल्यावर ताट वाढायचे, असला हा प्रकार.

हे मला कोणी शिकवले ते सांगतो. सुमारे २०१२ ची गोष्ट. मी नवा सहायक धर्मगुरू होतो, दुसऱ्या एका धर्मग्रामात. सगळीकडे सपाट स्क्रीन येत होत्या आणि टीव्हीच्या डब्यासारखे मॉनिटर घरोघरी अडगळ झाले होते. मी मिस्सात आवाहन केले, आठवड्याभरात टेम्पो भरला. डहाणूच्या पुढे पाड्यांवरच्या मुलांसाठी सिस्टरांची एक शाळा आहे, तेथे पाठवून दिला. रविवारी मी आल्तारावरून आभार मानले, टाळ्या झाल्या. टाळ्या मला आवडल्या, हेही कबूल करतो.

दीड वर्षाने त्या बाजूला जाण्याचा योग आला. शाळेच्या मागच्या पडवीत ते सगळे मॉनिटर रांगेने ठेवले होते आणि एकावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी विचारले. मुख्याध्यापिका सिस्टर फार सौम्य बाई. त्यांनी सांगितले, पाचांना पॉवरची वायरच नव्हती. तिघांवर कोणाचे तरी पासवर्ड होते. जे सुरू झाले त्यांना शाळेतली कमी-जास्त होणारी वीज सोसली नाही. शिकवणारे कोणी नव्हते. “भंगारवाल्याला का दिले नाहीत?” मी विचारले. त्या म्हणाल्या, “फादर, लोकांनी दान म्हणून दिलेले. विकायचे कसे?” आणि मग, अगदी हसत, “तुमच्याकडचा पोटमाळा आता आम्ही सांभाळतो.”

परतीच्या वाटेवर मला शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय आठवत होता. दावीद गल्याथाशी लढायला निघतो तेव्हा शौल राजा त्याला स्वतःचे चिलखत आणि पितळेचा टोप घालतो. चिलखत उत्तम होते, राजाचे होते, मोडलेले नव्हते. देणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता. पण त्या पोराला त्यात पाऊल टाकता येईना. त्याने ते सगळे उतरवले आणि गोफण घेतली. दावीदाला ‘हे मला चालत नाही’ म्हणण्याचे धैर्य होते. सिस्टरांना ते नव्हते, कारण आम्ही टेम्पोबरोबर त्यांच्यावर उपकारही लादला होता.

त्याच पवित्र शास्त्रात दुसरीही एक वापरलेली वस्तू आहे, ती म्हणजे एलियाचा झगा. एलियाने तो शेत नांगरणाऱ्या अलीशावर टाकला आणि पुढे अलीशा त्याच्याबरोबर राहिला, चालला, शिकला. एलियाला वर नेण्यात आले तेव्हा तो झगा अलीशाने उचलला आणि त्याच झग्याने यार्देनचे पाणी दुभंगले. झगा जुनाच होता. पण तो देणारा माणूस घेणाऱ्याच्या सोबत बराच काळ चालला होता.

आणखी एक चूक माझ्या हातून झाली, ती जास्त गंभीर. नंतरच्या एका नेमणुकीत मी ऑफिसातला जुना संगणक एका गरजू कुटुंबाला दिला. फायली ‘डिलीट’ केल्या होत्या. त्यांचा मुलगा हुशार निघाला, त्याने कुठलेसे सॉफ्टवेअर घालून त्या परत काढल्या. त्यांत गरीब निधीची यादी होती. कोणाला किती मदत, कशासाठी, सगळे. शेजारच्याच घराचे नाव त्यात होते. मुलाच्या आईने ती यादी बंद केली आणि मशीन घेऊन माझ्याकडे आली, म्हणून बभ्रा झाला नाही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले. मी ते पूर्ण आळीला कळेल अशी सोय केली होती.

तेव्हा समजून घ्या. फाईल डिलीट करणे म्हणजे स्नानसंस्काराच्या नोंदवहीची फक्त अनुक्रमणिका फाडणे. पाने आत तशीच राहतात. संपूर्ण डिस्क नव्याने लिहून कोरी करावी लागते, नाहीतर डिस्क काढून ठेवावी लागते. तुमच्या मशीनमध्ये आधारची प्रत असेल, पासबुक असेल, डॉक्टरांचे रिपोर्ट असतील, मुलीच्या लग्नाची बोलणी असतील.

काही मशीन खरोखरच संपलेल्या असतात. त्या वजनावर विकायला मन होते, दोन-तीनशे रुपये येतात. पण त्या जातात कुठे? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत माणसे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्याच्या कणांसाठी पट्ट्या आम्लात बुडवतात, आणि तो धूर त्यांच्या लेकरांच्या छातीत जातो. जुन्या डबा-मॉनिटरच्या काचेत शिसे असते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रे आहेत. गाडी करून तेथे पोहोचवायचा खर्च होतो, हे मान्य. तो धर्मग्राम करील. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीवर लिहिले, त्यावर आपण सभागृहात व्याख्यान ठेवले होते आणि नंतर थर्माकोलच्या प्लेटमध्ये वडे खाल्ले होते.

त्या गृहस्थांकडे परत येतो. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. संगणक पुढच्या खोलीत, वर विणलेले कव्हर. त्यांची पत्नी आपल्या गायनवृंदात होती, तुमच्यापैकी अनेकांना आठवेल. गीतांचे कागद तीच टाईप करायची. नाताळच्या गोठ्याचा हिशेब, गल्फमधल्या मुलीला लिहिलेली पत्रे, सारे त्यात आहे. ती गेल्यापासून हे रविवारी संध्याकाळी मशीन सुरू करतात, फायलींची नावे बघतात आणि बंद करतात. उघडत नाहीत. मुलाने एकदा सगळे पेनड्राइव्हमध्ये घालून दिले. मुलाचेही चुकले नाही. पण तुम्ही एवढे का जपता, हे त्याने विचारले नव्हते, आणि मीही अंत्यविधीच्या घाईत विचारले नव्हते. आम्ही दोघांनी पत्रे उघडून वाचली, चहा झाला. मशीनचे काय करायचे ते त्यांनी अजून ठरवलेले नाही. मी घाई केली नाही.

बाकीच्यांसाठी असे ठरले आहे. येत्या चार शनिवारी दुपारी ४ ते ७ सभागृहात युवक मंडळाची मुले बसतील. आधी तुमचे फोटो, कागदपत्रे तुम्हाला काढून देतील, मग तुमच्यासमोर डिस्क कोरी करतील. चालू मशीन दुरुस्त करून, ज्यांनी ‘मला हवा आहे’ म्हणून स्वतः नाव दिले आहे त्यांनाच मिळेल. अशी अकरा नावे आली आहेत, बहुतेक बारावीची आणि कॉलेजची मुले. नावे फलकावर लागणार नाहीत. जो देईल त्याच्या घरातले कोणीतरी दोन संध्याकाळी येऊन घेणाऱ्याला शिकवील, ही अट आहे. वेळ नसेल तर मशीन थोडे थांबवा, वेळ काढून मग आणा. वरच्या खोलीतल्या माझ्या चार सीपीयूंपासून सुरुवात होईल. त्यातला एक तरी चालेल, असे मुलांचे म्हणणे आहे.

येताना चार्जर किंवा पॉवरची वायर बरोबर आणा. आणि पासवर्ड आठवून या.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू