आगोट आणि तवक्कुल

दापोली तालुक्यातील बुरोंडीच्या बंदरात १ जूनपासून यंत्रचलित नौकांची मासेमारी कायद्याने थांबते, ती ३१ जुलैपर्यंत. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. घरोघरी आगोट भरलेली असते: तांदूळ, सुके बोंबील, सुकट, आमसुले, जळण. मात्र हाती रोकड नसते आणि ऑगस्टसाठी जाळी, डिझेल, बर्फ यांचा खर्च दारात उभा असतो. तवक्कुल म्हणजे काय, हा प्रश्न येथील माणसाला ग्रंथात शोधावा लागत नाही; या एकसष्ट दिवसांत तो स्वतःच चुलीपाशी येऊन बसतो.

आगोट भरणे हा ईमानाचा दुबळेपणा आहे काय? मुळीच नाही. स्वतः प्रेषितांनी (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे अन्न राखून ठेवल्याचे हदीसमध्ये आले आहे. पक्ष्यांना अल्लाह रोजी देतो हे आपण आवडीने सांगतो. परंतु ते पक्षी सकाळी उपाशीपोटी घरट्याबाहेर पडतात, हा त्याच हदीसचा भाग घाईत निसटतो. सूरह मरयममधील प्रसंग तर विलक्षण आहे. प्रसूतिवेदनांनी व्याकूळ झालेल्या आदरणीय मरयम (अलै.) यांना खजुरीचे खोड हलविण्याचा आदेश होतो. खोड हलवून नारळ पडत नाही, हे आपल्या वाडीतील पोरालाही ठाऊक आहे. फळ त्या थकलेल्या हाताच्या जोराने पडणार नव्हतेच. तरीही हात खोडाला लावायचा होता.

मग चिंतेत वाईट ते काय? ती रोजी वाढवीत नाही आणि माणसाला भलत्या दारी नेते. कोणी व्याजाने पैसे उचलतो. कोणी बंदी मोडून नौका लोटतो. पावसाळ्यात कितीतरी मासळी अंड्यांवर असते. ती उपसणारा माणूस अल्लाहने उद्यासाठी समुद्रात ठेवलेली रोजी आजच ओढून घेतो, आणि तीही एकट्याची नव्हे.

तथापि, नौकामालकाचा जून आणि खलाशाचा जून सारखा नसतो. भरल्या कोठीच्या माणसाने रिकाम्या मडक्याला तवक्कुल शिकवावे, याची या लेखकाला नेहमीच भीती वाटते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडात छपरे उडाली, माड-पोफळी उन्मळून पडल्या. तेव्हा ‘सबर करा’ म्हणणे सोपे होते. चार पत्रे घेऊन जाणे कठीण होते. अल्लाह रोजी पोहोचवितो, आणि पुष्कळदा शेजाऱ्याच्या हातून पोहोचवितो.

तेव्हा खलाशाने व्याजाचे दार टाळावे असे आपणांस वाटत असेल, तर त्याच्यासाठी दुसरे कोणते दार उघडे आहे? कर्जे-हसना मागताना तो लाजतो. आखातातून घरी आलेल्या रकमेतील एक वाटा मे महिन्यातच बाजूला काढावा आणि त्याने मागण्यापूर्वी आपणच त्याच्या घरी जाऊन यावे.